चुना लावण्याचे दिवस

‘चुना लावणे’ या शब्दप्रयोगाला आपल्याकडे फार वाईट दिवस आले आहेत. मी जन्मभर बँकेत नोकरी केली, त्यामुळे त्याचा एकच अर्थ माझ्या कानांच्या सवयीचा. कर्ज थकवून एखादा गृहस्थ गाव सोडून गेला की तो बँकेला चुना लावून गेला, असं शिपायापासून शाखाधिकाऱ्यापर्यंत सगळे म्हणायचे. वास्तविक चुना लावण्याइतकं सज्जन, स्वस्त आणि घराच्या हिताचं काम दुसरं नाही. निवृत्तीनंतर एका हिवाळ्यात ते मी स्वतःच्या हातांनी केलं, म्हणून हे अधिकारवाणीनं सांगतो.

माझ्या लहानपणी वाईसारख्या गावात दसरा उलटला की घरोघर परसात लोखंडी पिंपं दिसू लागत. पावसाळ्यात भिंतींना आलेली बुरशी, चुलीच्या धुराची काजळी, कंदिलाच्या खुंटीवरचे काळे गोल, हे सगळं दिवाळीच्या आत झाकायचं असे. पिंपातल्या पाण्यात कळीचा चुना पडला की पाणी आपोआप रटरटू लागे. विस्तवाशिवाय उकळणारं पाणी हा आम्हा पोरांना चमत्कार वाटे आणि मोठी माणसं आम्हाला तिथून हाकलून देत. मग वाखाचा कुंचा, डोक्याला फडकं आणि दोन दिवसांत घर लख्ख. माजघराच्या चुन्यात निळीची पुडी, स्वयंपाकघरात थोडी पिवडी, ओटीवर खालच्या बाजूला गेरूचा पट्टा. भिंतीला टेकलं की सदऱ्याच्या पाठीवर पांढरा नकाशा उमटे, ही या रंगाची एक खोड. बाकी तक्रारीला जागा नव्हती.

पुढे डिस्टेंपर आला. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली एशियन पेंट्ससाठी काढलेला खट्याळ ‘गट्टू’ हातात डबा आणि ब्रश घेऊन गावोगावच्या दुकानांच्या पाट्यांवर जाऊन बसला. मग स्वयंपाकघराला कमरेइतक्या उंचीचा ऑईलपेंट देण्याची टूम निघाली, आणि शेवटी प्लॅस्टिक पेंट. आता रंगाच्या दुकानात गेलं तर हजारो छटांचं जाडजूड पुस्तक समोर टाकतात. आमच्या आईला अबोली, मोरपंखी, चिंतामणी, पारवा, डाळिंबी असे डझनभर रंग नावानं ठाऊक होते आणि तेवढ्यात तिचं आयुष्य रंगीत गेलं. असो.

आमचं वाईचं घर शंभरी ओलांडलेलं. जोतं काळ्या दगडाचं, वर मातीत बसवलेल्या भाजक्या विटांच्या दीड हात रुंद भिंती, त्यावर चुन्याचा गिलावा, सागवानी खांब आणि तुळया. थोरला भाऊ गेल्यापासून वहिनी तिथे एकट्याच राहतात. वय शहात्तर. २००९ साली पुतण्याच्या लग्नाच्या वेळी घर आतून पिवळसर गुलाबी प्लॅस्टिक पेंटनं झळाळून निघालं होतं. लग्नाच्या फोटोंत ते सुंदर दिसतं. पण तीन-चार पावसाळ्यांतच माजघराच्या मागच्या भिंतीवर पुरीसारखे फुगे आले. पुढे फुग्यांचे पोपडे झाले, पोपड्यांतून पांढरी भुकटी गळू लागली आणि ओल गुडघ्यावरून कमरेला, कमरेवरून खांद्याला चढली. गावातल्या रंगाऱ्यानं दोनदा खरवडून, लांबी भरून, वरून पुन्हा तोच रंग दिला. दोन्ही वेळा ओल हातभर वर सरकली. त्या भिंतीत शिरलेल्या तुळईचं टोक मऊ पडलं. वहिनींचा खोकला पावसाळ्यात सुरू व्हायचा तो संक्रांतीपर्यंत थांबायचा नाही. डॉक्टरांनी बजावलं, त्या खोलीत झोपू नका.

पुण्याहून पुतण्याचा धोशा, आई, आता फ्लॅटवर चल. वहिनी हट्टी नाहीत, पण हिशेबी आहेत. मला म्हणाल्या, “भाऊजी, पुढचा पावसाळा मी या भिंतीबरोबर काढणार नाही. भिंत बरी होणार असेल तर करा, नाहीतर मला न्या. पण एक काहीतरी ठरवा.”

एका कंत्राटदारानं येऊन अंदाजपत्रक दिलं. सगळा जुना गिलावा पाडायचा, सिमेंटचा करायचा, वर वॉटरप्रूफ रंग. रुपये २,७५,०००. बँकेत गृहकर्जाच्या फायली हाताळताना अशा घरांचे मूल्यांकन-अहवाल मी कितीतरी वाचले होते. त्यात जागेची किंमत लाखांत असायची आणि ‘चुन्यामातीचे जुने बांधकाम’ या शब्दांपुढे जवळजवळ भोपळा. भोपळ्यावर पावणेतीन लाख घालायचे का, हा प्रश्न बँकवाल्याला पडणारच.

तेवढ्यात वहिनींनी आळीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना चहाला बोलावलं. हे मिस्त्री म्हणजे जुन्या पठडीतले गवंडी. उमेदीत त्यांनी वाड्यांचे गिलावे केलेले, आता डोळ्यांनी कमी दिसतं. त्यांनी भिंतीवर टिचकी मारत मारत एक फेरी मारली, पोकळ आवाज आला तिथे थांबले, नखानं खरवडलं आणि बोटाला लागलेली भुकटी चक्क जिभेवर ठेवली. “लोणा आहे,” म्हणाले. “भिंतीला घाम आलाय साहेब, आणि तुम्ही तिला रेनकोट घातलाय. आता कंत्राटदार सांगतोय, रेनकोटावर घोंगडी घाला.”

यापेक्षा नेमकं मला पुढे कुठल्याही पुस्तकात मिळालं नाही, तरी थोडी फोड करतो. हल्लीच्या इमारतीत पायाच्या वर ओल अडवणारा थर घालतात. जुन्या घरांत तो नसतो. जमिनीतलं पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं विटांतून वर चढतं, आणि चढताना मातीतले क्षार घेऊन येतं. चुन्याच्या सच्छिद्र गिलाव्यातून आणि चुन्याच्या सफेतीतून ते पाणी वाफ होऊन जागच्या जागी उडून जातं. ओल गुडघ्याच्या खालीच राहते आणि दर वर्षी दिवाळीला कुंच्याचा एक हात फिरला की झाकली जाते. त्यावर प्लॅस्टिकची कातडी किंवा सिमेंटचा गिलावा चढवला की वाफेची वाट बंद. पाणी मग जिथून बाहेर पडता येईल तिथपर्यंत वर चढत राहतं. क्षारांचे खडे पृष्ठभागामागे साठून फुगतात आणि गिलावा आतून फोडतात. प्लॅस्टिक पेंट वाईट असं मी म्हणत नाही. सिमेंटच्या कोरड्या भिंतीवर तो दहा-दहा वर्षं छान राहतो. त्याची आणि या भिंतीची पत्रिका जुळत नाही, एवढंच.

मजूर मिळेनात आणि मिळाले ते चुन्याला हात लावायला तयार होईनात. शेवटी २०२४च्या नोव्हेंबरात मी वाईला मुक्काम हलवला. मिस्त्री खुर्चीत बसून सांगणार आणि मी करणार, असा करार झाला. सौभाग्यवतींनी पुण्याहून दोन जुने सदरे, डझनभर मास्क आणि ‘शिडीच्या वरच्या दोन पायऱ्यांवर चढायचं नाही’ अशी लेखी नव्हे पण तितकीच कडक सूचना देऊन पाठवणी केली.

रंगाच्या आधी पाणी, हा मिस्त्रींचा पहिला धडा. भिंतीच्या मागे परसात नंतर कधीतरी फरशी घातलेली होती. तिचा उतार घराकडे, आणि वरची पन्हळ फुटून पागोळ्यांचं पाणी नेमकं त्याच भिंतीशी पडत होतं. पन्हळ बदलली, भिंतीलगतची हातभर रुंद फरशी उखडून तिथे खडी भरली आणि उताराला बाहेरची दिशा दिली. हे काम चार दिवसांचं आणि फारसं खर्चाचं नाही, पण याशिवाय आत कितीही मोलाचा रंग दिला असता तरी तो पाण्यात गेला असता.

मग खरवडणं. पत्र्याची कड रंगाखाली घातली की प्लॅस्टिक पेंट पापडासारखा मोठमोठ्या तुकड्यांत निघायचा. त्याला त्या भिंतीनं कधी आपलं म्हटलंच नव्हतं. त्याखाली पिस्ता रंगाचा डिस्टेंपर. तो ओल्या फडक्यानं भिजवला की सुटायचा. आणि त्याखाली चुना. एका पापुद्र्याची कड भिंगाखाली धरली तर पांढरा, निळसर, पांढरा, निळसर अशा रेघाच रेघा. खाते जुनं असलं की पासबुक कसं भरलेलं असतं, तसं ते दिसत होतं. वर्षाला एक नोंद. हा घट्ट बसलेला चुना काढायचा नाही, असं मिस्त्रींनी बजावलं. “तो रंग नाही, ती भिंतच आहे आता.”

माजघराच्या दारावर एक तिरपी, हातभर लांबीची भेग उघडी पडली. पूर्वी कुणीतरी चुन्यानं बुजवलेली. वहिनी त्या वेळी या घरात आलेल्या नव्हत्या, पण मला ती आठवली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. वडिलांनी सगळ्यांना अंगणात काढलं होतं आणि उजाडल्यावर कंदील घेऊन भिंती पाहत फिरले होते. ती भेग त्यानंतर रुंदावलेली नव्हती. चुन्याचा एक गुण असा की केसाएवढ्या भेगांतून पाणी झिरपलं तर ते चुन्याचा अंश विरघळवून नेतं आणि भेगेतच पुन्हा जमवतं. भिंत आपली जखम थोडीफार आपणच भरून काढते. सिमेंटला हे एवढ्या सहजी जमत नाही.

स्वयंपाकघरातल्या ऑईलपेंटच्या पट्ट्यापाशी मात्र मी थांबलो. दारं-खिडक्यांच्या चौकटींवरही तोच रंग. जुन्या ऑईलपेंटमध्ये शिसं असण्याचा संभव फार मोठा असतो. सफेता हा शिशाचा, गजांना लावायचा शेंदरी प्रायमर शिशाचा, कित्येक चकचकीत पिवळे-हिरवे रंगही शिशाचे. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं दर दशलक्ष भागांत ९० भागांच्या वर असू नये, हा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीच्या कुठल्याही ऑईलपेंटवर भरवसा ठेवायचं कारण नाही. भिंतीवर बसलेला रंग काही करत नाही. पण कोरड्या पॉलिश पेपरनं घासला की त्याची धूळ होते, आणि ती लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करू शकते. पुतण्याची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती आणि दर पंधरा दिवसांनी आजीकडे यायची. म्हणून जिथे रंग पक्का होता तिथे तो तसाच ठेवला. जिथे सुटला होता तिथे पाण्यानं भिजवून ओलाच खरवडला, खाली पसरलेल्या प्लॅस्टिकसकट गुंडाळून पिशवीत बांधला, आणि जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं दोनदा पुसली. रंग सोडवायला ज्वाळा वापरायची नाही, कारण धुरातून तेच विष नाकात जातं. ते काम होईपर्यंत नातीला वाईला आणायची मनाई होती. तिनं फोनवर माझ्याशी अबोला धरला, तो मी सोसला.

ओलीच्या भिंतीचा खालचा कुजका गिलावा विटेपर्यंत काढला. विटांवर आलेला लोणा कोरड्या ब्रशनं झाडून, गोळा करून घराबाहेर टाकला. इथे पाणी मारलं तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात. आणि मग मिस्त्री म्हणाले, “आता माघापर्यंत हात लावायचा नाही.”

हे सर्वांत अवघड. दीड हात रुंदीची भिंत वाळायला महिने लागतात. तीन महिने माजघराची एक भिंत उघड्या विटांची, कपाटं ओटीवर, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा एकच प्रश्न, काम अडलं का? एक आप्त तर सांत्वनाला आल्यासारखे बसून गेले. वहिनींनी त्यांना चहा दिला आणि शांतपणे म्हणाल्या, “भिंत वाळत घातलीय.”

त्या मधल्या काळात तुळईचं कुजलेलं टोक सुतारानं कापून सागाच्या नव्या तुकड्यानं सांधलं, आणि स्वयंपाकघरातलं फडताळ रिकामं करताना दाराच्या आतल्या बाजूला वडिलांचं अक्षर सापडलं. १९५८ पासूनची सफेतीची नोंद, दर दिवाळीची एक ओळ. कळी किती, नीळ किती, डिंक किती, किंमत किती. १९६८च्या ओळीत किलोंच्या हिशेबापुढे ‘भेग भरली’ एवढे दोनच शब्द. शेवटची नोंद १९८३ची. पुढच्या वर्षी डिस्टेंपर आला असणार. मी कुतूहलानं पाहिलं तर केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या नियमांतही असंच प्रमाण आहे. एक किलो चुन्याला सुमारे पाच लिटर पाणी, नीळ किलोमागे जास्तीत जास्त तीन ग्रॅम. वडिलांची नीळ सरकारी मर्यादेपेक्षा जरा सढळ होती.

फेब्रुवारीत नवा गिलावा झाला. एक भाग भिजवलेला चुना, तीन भाग चाळलेली वाळू. तो मिस्त्रींनी स्वतः, नातवाला हाताशी घेऊन केला. तिथे माझा हात चालला नसता. सफेतीचं काम मात्र माझं.

चुन्याची मजा त्याच्या फेऱ्यात आहे. चुनखडी भट्टीत नऊशे अंशांच्या आसपास तापवली की तिच्यातला कर्बवायू निघून जातो आणि कळी उरते. कळी पाण्यात विझवली की लोण्यासारखा चुना होतो. पानाला लावतात तोच. भिंतीवर लावला की तो हवेतला कर्बवायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी बनतो. म्हणजे आपण भिंतीला रंग देत नसून दगडाचा पातळ थर चढवत असतो. मात्र या मधल्या अवस्थेत तो भाजतो. पाण्यात कळी घालायची, कळीवर पाणी ओतायचं नाही, नाहीतर उसळून तोंडावर येतं. पिंप लोखंडी हवं, आणि मुलं शंभर हात दूर. चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. मी पूर्ण बंद चष्मा लावायचो, हातमोजे घालायचो आणि उघड्या मनगटांना खोबरेल चोळायचो. विझवलेला चुना पाण्याखाली आठवडाभर मुरवला, मलमलीतून गाळला, गरम पाण्यात विरघळवलेला डिंक आणि चिमूटभर मीठ घातलं. दुधाइतका पातळ. दाट केला तर पोपडे धरतो.

भिंत आधी पाण्यानं ओली करायची आणि मग कुंचा फिरवायचा. पहिला हात दिला तेव्हा काहीच दिसेना. भिंत नुसती पाण्यानं पुसल्यासारखी, मागचे सगळे डाग जसेच्या तसे. दुपारी पुतण्या आला, बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “काका, रंग कधी देणार आहात?” मी काही बोललो नाही. चुना ओला असताना पारदर्शक असतो आणि वाळताना पांढरा होत जातो, हे मिस्त्रींनी मला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. संध्याकाळी कडा पांढरू लागल्या. सकाळी वहिनींनी मागचं दार उघडलं, उजेड आत आला आणि भिंत दिसली. पांढरी, पण कागदासारखी सपाट नव्हे. चुन्याच्या भिंतीवर उजेड जरा आत शिरून परत येतो, त्यामुळे ती थोडी खोल वाटते. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यातली भित्तिचित्रं पाहताना रंगांपेक्षा मागची भिंतच का डोळ्यांत राहते, हे त्या सकाळी कळलं. वहिनी ओलांडून आत आल्या, भिंतीला तळवा लावला, पाहिला, आणि पदराला पुसला. “लागतोय हाताला,” म्हणाल्या. तक्रार नव्हती ती.

एका दिवसाच्या अंतरानं चार हात झाले. मान अवघडली, उजवा खांदा महिनाभर दुखत होता. पन्हळ, सुतार, मिस्त्री आणि त्यांचा नातू, चुना, वाळू, सगळं धरून खर्च ३८,४०० रुपये. माझी मजुरी अर्थातच धरलेली नाही. वहिनींनी ती पुरणपोळ्यांत फेडली. फडताळाच्या दारावर वडिलांच्या शेवटच्या ओळीखाली त्यांनी स्वतः पेन्सिलीनं २०२५ची नोंद केली, पैशांसकट.

२०२५चा पावसाळा त्या भिंतीनं काढला. ओल आली, येणारच होती. आली ती वीतभर, आणि नवरात्रापर्यंत वाळून तिथे फिकट पिवळी रेघ राहिली. न्हाणीघराच्या कोपऱ्यात मात्र अजून दोन फूट ओल आहे. तिथला नळ भिंतीच्या आतून गेलेला आहे आणि तो बाहेर काढल्याखेरीज गत्यंतर नाही. वहिनींचा खोकला पार गेला असं मी म्हणणार नाही. या वयात खोकल्याला भिंतीखेरीज इतरही कारणं असतात. पण ऑगस्टमध्ये त्यांनी आपली कॉट परत माजघरात नेली आणि पुण्याचा विषय पुतण्यानं काढलेला नाही.

यंदा दिवाळीच्या आधी मी पुन्हा वाईला गेलो तो कळीची पिशवी घेऊनच. पिंपात पाणी रटरटलं, तेव्हा नात माजघराच्या उंबऱ्यावर, ठरवून दिलेल्या अंतरावर उभी राहून पाहत होती. वहिनींनी निळीची पुडी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “जरा सढळ हातानं घाला, भाऊजी. मामंजी घालायचे तशी.”